हँडब्रेक खाली केला तरी लाल दिवा जात नाही, स्विच बदलू का?

पत्र थोडक्यात: एक वाचक ताई, वय ३१, नोकरीला कोल्हापूरला, आईबाबा रत्नागिरीकडे गावी. घरी २०१२ ची छोटी पेट्रोल गाडी आहे, चालवतात बाबाच. वय ६७, एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते. मार्चमध्ये हँडब्रेक खाली केला तरी मीटरमधला लाल दिवा जाईना. लिव्हर जोरात खाली दाबला की विझायचा. एका मोठ्या गॅरेजने सांगितलं स्विच गेलाय, लिव्हरचा पूर्ण सेट बदला, साडेतीन हजार. बाबांनी गावातल्या मेस्त्रींना दाखवलं, त्यांनी स्विचची वायरच काढून टाकली, दिवा बंद, पैसे पन्नास. गणपतीनंतर सगळे गाडीने कोल्हापूरला निघाले तर आंबा घाटात वळणावर दिवा लागायचा, परत विझायचा. बाबा म्हणाले वायर कुठेतरी लागत असेल, आणि घरी जाऊन मीटरवर काळी चिकटपट्टी मारली. आता आई गाडीत बसायला घाबरते, पुण्याचा भाऊ म्हणतो विकून टाका. ताई विचारते, व्हिडिओ बघून मी स्वतः स्विच बदलू शकते का, आणि बाबांना न दुखावता हे कसं सांगू? "मी काही बोलले की म्हणतात, तुझ्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त वर्षं मी स्टेअरिंग धरलंय."

उत्तर:

तुला ‘तू’च म्हणते हं, राग मानू नको.

पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं स्विचचंच आहे, बावीस वर्षं स्पेअर पार्टच्या काउंटरला उभी राहिलेय, "तो हँडब्रेकचा बटन द्या" म्हणत आठवड्याला एक तरी गिऱ्हाईक यायचंच. पण दुसऱ्यांदा वाचताना एका गोष्टीला अडकले. मेस्त्रींनी स्विचची वायर काढली, बरोबर? आणि दिवा तरी लागतोय. अगं मग स्विच खराब असला काय आणि सोन्याचा असला काय, त्याची वायरच काढलीय, तो मीटरला काही कळवू शकत नाही. म्हणजे मार्चमध्ये लागलेला दिवा आणि घाटात लागलेला दिवा, दिसायला एकच असले तरी कारण एक नाहीये. तुम्ही सगळे अजून मार्चमधल्याच दिव्याबद्दल भांडताय.

त्या दिव्याकडे दोन कामं असतात, आणि हे निम्म्या गाडीवाल्यांना माहीत नसतं. गोलात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूला कंस, तो लाल दिवा. एक काम हँडब्रेक ओढलेला आहे हे सांगायचं. दुसरं काम ब्रेक ऑइल कमी झालंय हे सांगायचं. बहुतेक गाड्यांत दोन्हीला एकच बल्ब. बॉनेटखाली ब्रेक ऑइलची पांढरी डबी असते, तिच्यात एक छोटा तरंगता भोपळा असतो, ऑइल मिनच्या, म्हणजे कमीत कमीच्या, रेषेच्या आसपास उतरलं की तो खाली बसतो आणि दिवा लागतो. आता ऑइल अगदी काठावर आलेलं असेल तर सपाट रस्त्यावर भोपळा तरंगतो, दिवा बंद. वळण आलं, चढ आला, ब्रेक दाबला की डबीतलं ऑइल एका बाजूला कलतं, भोपळा टेकतो, दिवा लागतो. वळण संपलं की परत विझतो. ओळखीचं वाटतंय ना.

बाबा म्हणतात तेही अगदीच चूक नाही बरं का. हँडब्रेकच्या स्विचला बहुतेक गाड्यांत एकच वायर येते, आणि ती वायर गाडीच्या पत्र्याला टेकली, म्हणजे अर्थिंग मिळालं, की दिवा लागतो, स्विचचं काम तेवढंच. त्यामुळे काढलेली वायर टेप न गुंडाळता नुसती कन्सोलखाली, म्हणजे दोन सीटमधल्या प्लॅस्टिकखाली, सोडून दिली असेल तर तिची पिन हलून पत्र्याला लागू शकते. म्हणजे शक्यता दोन आहेत, लोंबकळणारी वायर नाहीतर कमी झालेलं ऑइल. फरक साधारण असा की वायर असेल तर दिवा खड्ड्यात, गतिरोधकावर फडफडतो, आणि ऑइल असेल तर वळणावर, उतारावर, ब्रेक मारल्यावर लागतो. तू वळण लिहिलंयस, खड्डा नाही. पैज लावायचीच झाली तर मी ऑइलवर लावीन.

म्हणून स्विच, व्हिडिओ, साडेतीन हजार हे सगळं बाजूला ठेव आणि आज रात्री बाबांना फोन करून एवढंच सांग की बॉनेट उघडून डबी बघेपर्यंत गाडी काढू नका. बघायला दोन मिनिटं लागतात. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला मागे भिंतीजवळ ती डबी असते, बाहेरून मिन आणि मॅक्सच्या रेषा दिसतात. जुनी डबी पिवळी पडते, दिसत नसेल तर मागून मोबाईलचा टॉर्च धरायचा, ऑइलची सावली दिसते. झाकण उघडायची घाई नको, उघडायचंच तर आधी ओल्या फडक्याने पुसून कोरडं करून मग, कारण आत पडलेली वाळू थेट ब्रेकमध्ये जाते.

ऑइल मिनपाशी असेल तर लगेच बाटली आणून ओतू नका, हे मी फार लोकांना सांगून दमले. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही, ते कमी झालं म्हणजे एकतर चाकांतले ब्रेकचे पॅड झिजलेत नाहीतर कुठूनतरी गळतंय. पॅड झिजले की त्यांना दाबणारा कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्या मागची जागा भरायला डबीतलं ऑइल जातं, त्यामुळे पातळी हळूहळू महिन्यांत उतरते, हे त्यातल्या त्यात बरं कारण. यात वरून ऑइल भरून ठेवलं तर पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन आत ढकलल्यावर तेच ऑइल डबीतून उतू जातं आणि सांडेल तिथला रंग खातं. गळती मात्र वेगळी गोष्ट. मागच्या दोन्ही टायरांच्या आतल्या बाजूला बघायला सांग, ओला ओघळ किंवा धूळ चिकटून काळा चिखल झालेला दिसला तर व्हील सिलिंडरचं, म्हणजे मागच्या चाकातला ब्रेक दाबणाऱ्या नळकांड्याचं, रबर गेलंय, तेरा-चौदा वर्षांच्या गाडीत यात नवल काही नाही. मग गाडी बंद ठेवून ब्रेक पेडल दाबून अर्धा मिनिट धरायचं, पाय हळूहळू खाली जात राहिला किंवा पेडल स्पंजासारखं लागलं तर ती गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत न्यायची नाही, मेस्त्रींना घरी बोलवायचं. सेकंड गिअरमध्ये हळूहळू जाऊ असंही नको, कोकणात गॅरेजच्या वाटेवर एक तरी उतार असतोच.

ऑइल घ्यायचं ते झाकणावर लिहिलेलं असतं तेच, डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद बाटली. मागच्या वर्षी उघडून माळ्यावर ठेवलेली अर्धी बाटली नको, हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि तुमच्याकडच्या दमट हवेत तर विचारूच नको. पाणी शिरलं की ते लवकर उकळतं. नवं डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत टिकलं पाहिजे असं मानक आहे, पण पाणी प्यायलेल्यासाठी हाच आकडा १४० आहे. आंबा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर आत किती तापतं ते बाबांना मी सांगायला नको. दोन वर्षांनी ऑइल बदलतात ते याच्यासाठी, आणि मला शंका आहे की तुमच्या गाडीचं शेवटचं कधी बदललंय ते कुणालाच आठवणार नाही. इंजिन ऑइल, स्टेअरिंगचं ऑइल, घरचं खोबरेल यातलं काही त्या डबीत जाता कामा नये. हसू नको, खोबरेल घातलेली डबी मी डोळ्यांनी बघितलीय, आतली सगळी रबरं फुगून बसली होती.

आता स्विचकडे येऊ, कारण तोही मार्चपासून तसाच पडलाय आणि दुरुस्त तर करायचाच आहे. वायर काढून ठेवणं म्हणजे घरातली घंटा सारखी वाजते म्हणून तिची दोरी कापण्यासारखं आहे. परिणाम काय, तर आता हँडब्रेक एक-दोन दात (ओढताना कट-कट वाजतात ते) वर राहिला तरी कुणी सांगणारं नाही. तसंच दहा-पंधरा किलोमीटर गेलं की मागचे ड्रम तापतात, लायनर, म्हणजे ड्रमला घासणारे ब्रेकचे पट्टे, जळल्याचा वास येतो, तोवर नुकसान झालेलं असतं.

स्विच म्हणजे काय ते ऐक, म्हणजे भीती जाईल. लिव्हरच्या बुडाशी अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, त्यातून एक खिट्टी बाहेर आलेली. लिव्हर खाली बसला की लिव्हरचाच एक कान त्या खिट्टीला दाबतो आणि कनेक्शन तुटतं, दिवा बंद. लिव्हर वर ओढला की खिट्टी सुटते, कनेक्शन जुळतं, दिवा चालू. बस, यात कॉम्प्युटर नाही काही नाही. लिव्हर जोरात दाबल्यावर दिवा विझायचा असं तू लिहिलंयस, म्हणजे स्विच मेला नव्हता गं, फक्त खिट्टी पूर्ण दाबली जात नव्हती. ब्रॅकेट वाकलं असेल, स्क्रू सैल झाला असेल, किंवा खिट्टीत चहा-सरबत सांडून चिकट मळ बसला असेल. एकदा एक गृहस्थ नवीन स्विच मागायला आले, दोन आधीच बदलून झाले होते, मी म्हटलं गाडी बघू, तर लिव्हरच्या खाचेत एक रुपयाचं नाणं आडवं बसलेलं, टोलच्या सुट्ट्या पैशांतलं. बोटाने नाही निघालं, केसातली पिन घालून काढलं. तिसरा स्विच काही विकला गेला नाही.

तू स्वतः करू शकतेस का? हो, करू शकतेस, गाडी सपाट जागी असेल आणि कन्सोल काढायचा धीर असेल तर. इग्निशन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, चाकांना पुढूनमागून दगड, कारण काम करताना हँडब्रेक वरखाली करावा लागणार. लिव्हरभोवतीचं प्लॅस्टिक तीन-चार स्क्रूंवर असतं, एखादा हमखास पेला ठेवायच्या खळग्यात मॅटखाली लपलेला असतो, तो न शोधता ओढलं की प्लॅस्टिक तुटतं आणि तो आवाज बाबांनी ऐकला की संपलंच. एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या रंगाच्या वायरी आणि कनेक्टर दिसतील, त्यांना हातसुद्धा लावायचा नाही. आता काढलेली वायर शोध, पिन स्वच्छ कर, परत स्विचवर बसव, मग इग्निशन ऑन कर, इंजिन चालू करायची गरज नाही. लिव्हर खाली असताना खिट्टी बोटाने पूर्ण दाब. दिवा विझला तर स्विच ठीक आहे, स्क्रू ढिला करून ब्रॅकेट जरासं सरकवायचं की लिव्हर खाली बसल्यावर खिट्टी नीट दाबली जाईल. दाबूनही विझला नाही तर वायर काढून हवेत धर, पत्र्याला लागू न देता. आता विझला तर स्विच आतून चिकटलाय, नवीन घे. वायर काढूनही पेटलेलाच राहिला तर दोषी स्विच नाही, ऑइलच्या डबीवरचा कनेक्टर काढून बघायचा, तो काढल्यावर बहुतेक गाड्यांत दिवा जातो आणि आपण परत ऑइलच्या पातळीपाशी येतो. तोही काढून दिवा गेला नाही तर वायर मधेच कुठेतरी सोलून पत्र्याला लागलीय, ते इलेक्ट्रिशियनचं काम, त्यात तू पडू नको.

नवीन स्विच मागताना दुकानात "सेट" म्हणू नको, "नुसता हँडब्रेकचा स्विच" म्हण आणि जुना काढून हातात घेऊन जा, मॉडेलच्या नावावर मागितलास तर दहातून चार वेळा भलताच मिळतो. बऱ्याच गाड्यांना तो सुटा मिळतो. मोठ्या गॅरेजने पूर्ण लिव्हर का सांगितला ते मला माहीत नाही, कदाचित लिव्हरचे दातही झिजले असतील, तेव्हा लबाडच होते असं मी म्हणणार नाही. पण "दातात काय प्रॉब्लेम आहे ते दाखवा" हे विचारायचा हक्क तुला होता.

ब्रॅकेट सरकवण्याआधी एकच खात्री कर. लिव्हर खरंच पूर्ण खाली येतोय का? कोकणात पावसाळ्यात हँडब्रेक लावून ठेवला की लायनर ड्रमला चिकटतात म्हणून लोक गाडी गिअरमध्येच उभी करतात, महिनोन्महिने लिव्हर ओढलाच जात नाही, आणि मग गंजून केबल अडकते, एक दिवस लिव्हर ओढला की तो पूर्ण परत येत नाही. अशा वेळी दिवा खरंच बोलत असतो आणि आपण ब्रॅकेट वाकवून त्याला गप्प करतो. मागचं चाक जॅकवर घेऊन, पुढची चाकं दगडाने अडवून, हाताने फिरवून बघ, मोकळं फिरलं पाहिजे.

हे झालं गाडीचं.

बाबांबद्दल तू "हट्टी" हा शब्द तीनदा लिहिलायस. मला ते तसे वाटले नाहीत. दिवा लागल्यावर त्यांनी गाडी दोन ठिकाणी दाखवली, म्हणजे दुर्लक्ष नाही केलं. साडेतीन हजार ऐकून पन्नास रुपयांचा उपाय शोधला, पेन्शनीत बसलेला माणूस दुसरं काय करणार. आणि मग सगळं कुटुंब गाडीत असताना, मुलगी शेजारी बसलेली असताना, घाटात तोच दिवा परत लागला. मला विचारशील तर ती चिकटपट्टी दिव्यावर नाही मारली गं त्यांनी, त्या दिवशीच्या ओशाळेपणावर मारली. कदाचित माझं चुकतही असेल, तू त्यांना ओळखतेस, मी नाही.

म्हणून "बाबा तुमचं चुकलं" ने सुरुवात करू नको. त्यांना कोडं घाल, "बाबा, मेस्त्रींनी वायर काढलीय ना, मग दिवा लागतो कसा?" ३१ वर्षं ड्रायव्हर असलेला माणूस या प्रश्नावर जेवण सोडून उठेल. आणि मग एसटीचा हवेचा काटा आठवून दे. एसटीचे ब्रेक हवेवर, टाकीत हवा भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही, काटा खाली असेल तर थांबायचं, हे त्यांनी हजारो वेळा केलंय, त्या काट्यावर त्यांनी कधी पट्टी मारली असती का? छोट्या गाडीला काटा नाही, हा एक दिवाच आहे. ते म्हणतील मला पायाला कळतं. नाही कळत, हेच तर वाईट आहे. डबीत ऑइल कमी झालं तरी पेडल शेवटपर्यंत नेहमीसारखंच लागतं, कारण खाली पाइपात ऑइल भरलेलं असतं, ज्या क्षणी डबीतून हवा ओढली जाते त्या क्षणी पाय खाली जातो. कितीही तयारीचा ड्रायव्हर असो, त्याला आधी सूचना देणारं त्या गाडीत दुसरं काहीच नाही.

भावाच्या "विकून टाका" वर एवढंच, की या कारणासाठी विकायची गरज नाही. पॅड, ऑइल, एक स्विच, अगदी दोन्ही व्हील सिलिंडर धरले तरी हा खर्च गाडी विकण्याइतका नाही. विकायचीच तर २०२७ ला आरसीची पंधरा वर्षं भरतील, रिन्यू करायला गाडी दाखवावी लागेल, तो हिशोब तेव्हा करा, आणि बाबांना समोर बसवून करा, पुण्याहून फोनवर नाही.

बाकीच्यांनी पत्र पाठवायच्या आधी दोन गोष्टी, कारण हेच प्रश्न येणार. ज्यांच्या गाडीत लाल दिव्याबरोबर पिवळा एबीएसचा (चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवाही एकदम लागतो त्यांनी वरचं काही करत बसू नका, बऱ्याच गाड्यांत त्याचा अर्थ मागच्या चाकांचा ब्रेक सांभाळणारी यंत्रणाच गेलीय असा असतो, जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरू शकते, टो करून न्या. आणि ज्यांच्याकडे लिव्हर नाही, बटणाचा हँडब्रेक आहे, त्यांनी कन्सोल उघडूच नये. उलट तक्रारही असते, हँडब्रेक ओढला तरी दिवा लागतच नाही, ती लोक तक्रार मानत नाहीत पण मानावी. तिथे बहुतेक वेळा पिन निसटलेली, स्क्रूला गंज लागून अर्थिंग तुटलेलं, किंवा बल्ब गेलेला असतो.

तू शनिवारी जाते आहेस असं लिहिलंयस, तर जाताना पातळ हातमोजे ने, ब्रेक ऑइल हाताला बरं नाही आणि सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धू. आणि चिकटपट्टी बाबांना स्वतःला काढू दे. तिचा गोंद मीटरच्या काचेवर राहतो, तो थिनरने पुसायला जाऊ नका, काच पांढरी पडते. बोटाला थोडं खोबरेल लावून चोळा आणि कोरड्या मऊ फडक्याने पुसून घ्या. खोबरेलाचं या गाडीत एवढंच काम.